संमती कट्ट्यावरचा प्रश्न

सोलापूर शहरात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सोहळे जवळजवळ एकाच वेळी होतात. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुतळ्यांजवळ भाषणे चालू असतात, तेव्हा उरलेले शहर ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तयारीत असते. पांढऱ्या बाराबंदीतील भक्त उंच नंदीध्वज तोलीत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात आणि संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पहिल्या सोहळ्यातील वक्ते दुसऱ्याचा उल्लेख सहसा करीत नाहीत. दुसऱ्यातील मानकऱ्यांना पहिल्याची आठवण ठेवण्याचे कारण वाटत नाही. एक राजकारण, दुसरा धर्म, अशी वाटणी सर्वांनी मुकाट्याने मान्य केली आहे. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही. माणसांनी एकत्र कसे राहावे आणि त्यासाठी कोणाची संमती लागते, हा एकच प्रश्न या दोन्ही ठिकाणी उभा आहे.

अक्षता सोहळ्याची कथा सोलापुरात लहान मुलालाही ठाऊक असते. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाचा हट्ट धरला. विरक्त सिद्धरामांनी स्वतः विवाह न करता आपल्या योगदंडाशी लग्न लावण्यास तिला अनुमती दिली. तेच लग्न दरवर्षी लागते. आधी सुगडी पूजन होते, मग संमती वाचली जाते आणि नंतर लाखो हातांतून अक्षता पडतात. सात नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. त्यांत मातंग समाजही आहे. धर्म म्हणजे केवळ अफू, असे पाठ केलेले वाक्य घोकणाऱ्या कार्यकर्त्याने एकदा त्या गर्दीत उभे राहावे. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे लोक एका कुंभाराच्या मुलीच्या लग्नासाठी तिथे थांबलेले दिसतील. विडी वळणाऱ्या बाईला आणि मागावर बसणाऱ्या विणकराला त्या घटकेत जे मिळते, ते कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्याने त्यांना अद्याप दिलेले नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु त्याच गर्दीला एक प्रश्न विचारणेही भाग आहे. योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागताना ज्यांचे हात अक्षतांसाठी वर जातात, त्यांच्यापैकी किती घरांत परजातीच्या मुलीवर अशा अक्षता पडतील? प्रतीकाला दिलेली संमती माणसाला देताना हात आखडतो तो कशामुळे?

बाराव्या शतकातील सिद्धराम हे निव्वळ दंतकथेतील पुरुष नव्हेत. सोन्नलगीत त्यांनी लोकांकडून श्रमदानाने तलाव खोदविला, मंदिरे उभारली. आज शहराच्या मध्यावर असलेले तळे त्या कामाची आठवण आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीस आले आणि त्यांनी या कर्मयोग्याला त्याच्या बांधकामांविषयीच प्रश्न विचारले, असा प्रसंग ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात आला आहे. दगडमातीचे काम मोठे खरे. पण ते करणाऱ्याला आपल्या कर्तृत्वाचा मोह सुटला आहे काय, असा त्या संवादाचा रोख. गुरूने शिष्याला नुसता आशीर्वाद न देता त्याच्याशी वाद घालावा, ही त्या परंपरेची रीत होती. पुढे सिद्धराम कल्याणला गेले आणि अनुभवमंटपातील शरणांच्या मेळाव्यात सामील झाले.

त्या कल्याणात बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी जे घडवू पाहत होते, त्याला आदर्श समाज म्हणायचे नसेल तर तो शब्द कशासाठी राखून ठेवायचा? श्रम हीच पूजा, म्हणजे कायक. श्रमाचे फळ समाजाला अर्पण करणे, म्हणजे दासोह. दोर वळणारा, नाव हाकणारा, कातडे कमावणारा आणि राजाचा मंत्री एका बैठकीत बसत. अक्कमहादेवीसारखी स्त्री तेथे येऊन प्रश्नांची उत्तरे देई आणि प्रश्न विचारीही. संस्कृतचा अडसर दूर करून सारे लोकभाषेत चाले. रॉबर्ट ओवेन यांनी १८२५ साली अमेरिकेतील न्यू हार्मनी येथे आदर्श वसाहत वसविली आणि ती दोन-तीन वर्षांत मोडली, हा समाजवादाच्या इतिहासातील धडा अभ्यासवर्गांत आवर्जून शिकविला जातो. सोलापूरहून काही तासांच्या प्रवासावर असलेल्या कल्याणचा धडा मात्र त्या वर्गांत क्वचितच येतो. तो धर्माच्या खात्यावर टाकून दिला गेला आहे.

कल्याण मोडले ते एका लग्नावरून. चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह शरणांनी लावला. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी की, बिज्जळ राजाने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला, त्यातून शहर पेटले, राजाचा खून झाला आणि शरण दाही दिशांना पांगले. हे ११६७ च्या सुमाराचे. तपशिलाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. मुद्दा तपशिलाचा नाही. मंटपात समतेची चर्चा चालू होती तोवर राज्यसत्तेने ती चालू दिली. अस्पृश्य मानलेल्या माणसाला शरण म्हणून वंदन केलेलेही तिने पाहिले. पण एका घरचा मुलगा आणि दुसऱ्या घरची मुलगी संसार मांडू लागताच तिची सहनशक्ती संपली. जातीचे राज्य कोठे राहते, हे बिज्जळाला त्याच्या प्रजेपेक्षा चांगले कळले होते.

कल्याणच्या वारसाचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. जात मोडण्यासाठी निघालेल्या पंथात काळाच्या ओघात पोटजाती रुजल्या. वादातून जन्मलेल्या परंपरेला वाद नकोसा झाला. वचनसाहित्याचे थोर अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना बसवेश्वरांच्या कुटुंबाविषयीचे आपले संशोधन १९८९ साली दडपणाखाली मागे घ्यावे लागले. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला त्यांच्या घराच्या दारात त्यांना गोळी घालण्यात आली. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांचे खून झाले होते. पानसरे आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांच्या बाजूने उभे राहत, दाभोलकर जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध लढत. हा योगायोग नव्हे. आठ शतकांनंतरही त्याच उंबरठ्यावर रक्त सांडते आहे.

श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांचा मेळ घालणाऱ्या आदर्श समाजाचे सर्वांत धाडसी चित्र महाराष्ट्रात कोणी काढले असेल तर ते जोतीराव फुले यांनी. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरातील स्त्री बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून, तिला पटल्यास, बौद्ध होईल. तिचा पती बायबल वाचून ख्रिस्ती होईल. मुलगी कुराण वाचून इस्लाम स्वीकारील. मुलगा सार्वजनिक सत्यधर्माचा होईल. आणि चौघेही एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली प्रपंच करतील. जोतीरावांनी येथे राष्ट्राची घटना लिहिलेली नाही की आदर्श नगरीचा नकाशा काढलेला नाही. त्यांनी फक्त एक घर दाखविले, आणि त्या घरात आधी स्त्रीला वाचू दिले, निवडू दिले. धर्म वारशाने मिळत नाही, वाचून पटला तर घ्यायचा असतो, ही त्यातली गोष्ट. सत्यशोधक विवाहविधीतील मंगलाष्टकांत वधू आपल्या हक्काची मागणी करते आणि वराला तसे वचन द्यावे लागते, याचा उगमही हाच. जोतीराव ईश्वर मानीत, निर्मिक मानीत. देव मानूनही माणसाला मोकळे ठेवता येते, हे त्यांनी ज्या निःशंकपणे सांगितले, त्या निःशंकपणाने ना पुढच्या धर्माभिमान्यांना सांगता आले, ना पुढच्या नास्तिकांना ऐकता आले.

आता पुन्हा सोलापूरकडे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेच्या बातमीने शहर खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौकी पेटली, सरकारी यंत्रणा मागे हटली आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला जाईपर्यंत गिरणगावाचा कारभार स्वयंसेवकांनी सांभाळला. पॅरिस कम्यून बहात्तर दिवस टिकले. सोलापूरचे स्वराज्य हाताच्या बोटांवर मोजावे इतके दिवस. मार्शल लॉत गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. त्यानंतर पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून ज्या चौघांना फाशी झाली, त्यांत एक मारवाडी होता, एक मुसलमान होता, एक मराठा होता, एक लिंगायत होता. कुर्बान हुसेन हे तर ‘गझनफर’ नावाचे पत्र चालविणारे ऐन विशीतील तरुण. ही नावे एका दमात उच्चारण्याची सोलापूरची सवय चांगली आहे.

मात्र फासाखाली जे एकत्र आले, त्यांच्या पेठा एकत्र आल्या नाहीत. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहरात हजारो माणसे एका भोंग्यावर उठली, एका खात्यात राबली, एका संपात उपाशी राहिली. संघटनेच्या पावतीवर जातीचा रकाना नव्हता. तरीही लग्नाच्या याद्या जातीप्रमाणेच झाल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या. खाते गेले, संप गेला, संघटना गेली. जात मात्र राहिली, कारण ती गिरणीत ठेवलेलीच नव्हती, घरी ठेवली होती. गिरण्या गेल्यानंतर हा कामगार मोर्चाकडून झुंडीकडे इतक्या सहजी कसा वळला, याचे आश्चर्य करणाऱ्यांनी प्रथम हे आठवावे.

यात समाजवादी चळवळीचा दोष कमी नाही. आदर्श समाज ही पुढे केव्हा तरी गाठायची अवस्था आहे. आधी उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची होऊ द्या, मग श्रद्धा, जात, स्त्रीचे दास्य हे सारे आपोआप गळून पडेल, असे दीर्घकाळ मानले गेले. ‘आधी भाकरी, मग स्वातंत्र्य’ हा त्याच समजुतीचा दुसरा अवतार. सोव्हिएत राज्याने चौऱ्याहत्तर वर्षे तो प्रयोग केला आणि १९९१ मध्ये तेथे भाकरीची रांगही होती आणि स्वातंत्र्यही नव्हते. भारतात २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात वीस कलमी कार्यक्रमाच्या फलकाखाली नागरिकांचे हक्क गोठविले गेले. त्या वेळी तुरुंगात गेलेल्या समाजवाद्यांना हे कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज पडू नये. स्वातंत्र्य हे आदर्श समाजाच्या अखेरीस मिळणारे बक्षीस नव्हे. ज्या दिवशी काम सुरू होते त्या दिवशी ते हातात नसेल तर जे उभे राहते ते दुसरेच काही असते.

भाकरी आणि छप्पर यांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी २००६ साली दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. त्यानंतर रे नगरच्या तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतील पंधरा हजार घरे हवाली झाली. त्यामागे नरसय्या आडम यांच्या साम्यवादी सहकाऱ्यांची वर्षानुवर्षांची झुंज आहे. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांनीही ती मोकळ्या मनाने मान्य करावी. घर बाईच्या कष्टातून उभे राहिले, ही लहान गोष्ट नव्हे. त्या घराच्या आत मुलगी काय वाचील, कोणाशी लग्न करील, देवळात जाईल की दर्ग्यात की कोठेच नाही, हे ठरविण्याचा हक्क तिचा असेल काय, हा प्रश्न मात्र किल्ली हाती आल्याने सुटत नाही.

या जिल्ह्यातच याचे एक उत्तर साने गुरुजींनी देऊन ठेवले आहे. मंगळवेढ्यात राबणाऱ्या चोखोबांना ज्या विठ्ठलाच्या दाराबाहेर थांबावे लागले, ते दार उघडावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर प्रचारयात्रा केली आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. गैरसमजातून खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याचा सल्ला पाठविला. गुरुजींनी तो नम्रपणे नाकारला. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. गुरुजी समाजवादी होते आणि विठ्ठलाचे भक्तही होते. देऊळ निरर्थक आहे असे ते म्हणाले नाहीत आणि देऊळ पवित्र आहे म्हणून त्याचे नियम पाळा असेही म्हणाले नाहीत. श्रद्धेला त्यांनी तिच्याच शब्दांत जाब विचारला. पुढे १९७३ चा पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपला आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले. एका उपोषणाचा अर्थ पुरता उमटायला सदुसष्ट वर्षे लागली. घाई करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा, निराश झालेल्यांनीही.

दाराची ही लढाई देवळापाशी बरीचशी जिंकली गेली, पण घरापाशी ती आता मागे सरकते आहे. वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतील निर्घृण हत्येनंतर महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये विवाह-परिवार समन्वय समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय विवाहांचीही माहिती गोळा करण्याचे काम तिला दिले होते. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत तो भाग गाळून केवळ आंतरधर्मीय विवाह ठेवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’ या नावाखाली कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली. फसवणूक, जबरदस्ती, मारहाण, खून हे सारे गुन्हे दंडविधानात आधीपासून आहेत. गुन्हेगाराचा धर्म कोणताही असो. मुलीच्या आईबापांची धास्ती खोटी नसते आणि तिची टिंगल करणे समाजवाद्यांना शोभणार नाही. पण नवऱ्याने केलेला छळ हा स्वजातीत, कुंडली जुळवून झालेल्या लग्नांतही रोज होतो. त्यासाठी कोणी जातीची समिती नेमीत नाही. तेव्हा काळजी मुलीची आहे की तिच्या निवडीची भीती आहे, हे सरळ विचारले पाहिजे.

१८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण अमुक-अमुक धर्म मानीत नाही असे जाहीर करावे लागे. श्रद्धा हवी तर स्वातंत्र्य सोडा, स्वातंत्र्य हवे तर श्रद्धा सोडा, असा तो सौदा होता. १९५४ च्या कायद्याने तो संपविला: दोघांनी आपापला धर्म ठेवून नवराबायको व्हावे. जोतीरावांच्या त्या घराला स्वतंत्र भारताने दिलेली ही कायदेशीर मान्यताच होय. मात्र त्याच कायद्यात तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद राहिली. दोघांची नावे विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर लागतात, आक्षेप मागविले जातात. कायद्यात आक्षेपाची कारणे मोजकीच आहेत आणि त्यांत जात किंवा धर्म नाही. पण फलक वाचणाऱ्या झुंडीला कायद्याच्या कलमाशी कर्तव्य नसते. प्रौढ मुलामुलीच्या निवडीत जातपंचायतीला वा जमावाला दखल देण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सुरक्षित निवारा असावा असेही सुचविले. महाराष्ट्राने तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे.

कायदे इतके असताना उणीव आहे ती त्या दोघांशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांची. पक्षाच्या ठरावांत जातिनिर्मूलनाचे कलम प्रत्येक अधिवेशनात येते आणि टाळ्यांत मंजूर होते. त्यानंतर ठराव मांडणारा घरी जातो आणि आपल्या मुलासाठी स्वजातीच्या वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवितो. या विसंगतीची चर्चा चळवळीत नेहमी हळू आवाजात होते. ती उघड व्हावी. तालुक्याच्या विवाह नोंदणी कार्यालयाचा फलक कोठे आहे, त्यावर कोणाची नावे लागली आहेत, जिल्ह्यात सुरक्षित निवारा प्रत्यक्षात आहे की कागदावर, बहिष्कारविरोधी कायद्याखाली तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात घेतली जाते आणि कोणत्या ठाण्यातून परत पाठविली जाते, ही माहिती शाखेकडे असावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

१९५४ च्या कायद्याखाली लग्नाच्या वेळी वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरच्यांनी पाठ फिरविली आणि मित्र भ्याले, म्हणजे हे तीन साक्षीदारच मिळत नाहीत. यंदाच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता टाकून परतणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी, आणि न टाकणाऱ्यांपैकीही, तिघांनी आपली नावे सोलापूर शाखेच्या वहीत लिहून ठेवण्यास हरकत नसावी. नोटिशीचे तीस दिवस संपतात त्या सकाळी कार्यालय उघडण्याच्या आधी त्यांना तेथे पोहोचावे लागेल.